शुभदाताईंचे दोन फोन

"जरा संतुलित बोला," असं कुणी म्हणालं की हल्ली माझं डोकं फिरतं. शब्द चांगला आहे, माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. पण तो शब्द पुढे करून शिकली-सवरलेली माणसं काय काय करू शकतात, हे मी शुभदाताई खानोलकरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून पाहिलं. त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले, तरी राग काही ओसरत नाही, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

आम्ही चौघं मस्कतला अझैब्यात जवळजवळ राहायचो आणि रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कंपनीत कामाला होतो. गाडी ताईंची, चालवायच्याही त्याच. हिशेब विभाग त्यांच्याकडे होता. त्यांच्या शेजारी पुढे बसायचे पाटणकर, पुण्याचे, खरेदी विभागातले, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून सीटचा पट्टासुद्धा बेताबेतानं लावणारे. मागे मी आणि सावंत. सावंत कुडाळजवळच्या एका गावचे, आमचं गोदाम सांभाळायचे. पाटणकर एका पक्षाचे आणि सावंत बरोबर त्याच्या उलट पक्षाचे. मस्कतमध्ये राहून दोघांनाही मतदान करता येत नव्हतं, त्यामुळे जोर जास्त होता.

ताईंच्या गाडीत एक नियम होता. तिकडे साडेआठ वाजले की इकडे सात, आणि सातला त्या मोबाइलवरून कोकणातल्या एका सरकारी रेडिओ केंद्राच्या बातम्या लावायच्या. बातम्या संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकदा पाटणकरांना त्यांच्या साहेबांचा फोन आला आणि त्यांनी तो घेतला, तर ताईंनी गाडी कडेला घेऊन शांतपणे सांगितलं, "पाटणकर, खाली उतरून बोला. आम्ही थांबतो." पाटणकर उतरले. बाहेर उन्हाळ्यातला ओमान होता, सकाळ असली म्हणून काय झालं. परत आले तेव्हा इस्त्रीचं काही खरं राहिलं नव्हतं.

मस्कतला येण्याआधी ताई त्याच केंद्रावर बातम्या लिहायच्या आणि वाचायच्या. कुठलं केंद्र ते मी मुद्दामच लिहीत नाही. यजमानांच्या नोकरीमागे इकडे आल्या, बी.कॉम. होत्या म्हणून हिशेबात शिरल्या, पण रेडिओ अंगातून गेला नाही. एरवी त्यांचा आवाज चढा आणि घाईचा. राग आला की मात्र तो एकदम खाली यायचा आणि स्वच्छ व्हायचा, प्रत्येक शब्द वेगळा. सुपरमार्केटातल्या भाजीवाल्याला त्या ह्याच आवाजात म्हणायच्या, "ही कोथिंबीर काल संध्याकाळी मेलेली आहे," आणि तो मल्याळी पोरगा, मराठीचं अक्षर कळत नसताना, दुसरी जुडी काढून द्यायचा. घरी त्यांचे यजमान बातम्यांच्या वेळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जात. "आत आणीबाणी असते," असं ते म्हणायचे.

बातम्या संपल्या की गाडीत भांडण सुरू व्हायचं. पाटणकर म्हणायचे, हे केंद्र विकलं गेलंय, आमच्या नेत्याची सभा एका ओळीत उरकली. सावंत म्हणायचे, सरकारी रेडिओ सरकारचीच पालखी उचलणार, आमच्या आंदोलनाचा शब्द नाही. बातमीपत्र एकच, ऐकणारे शेजारी शेजारी, आणि दोघांनाही पक्की खात्री की आपल्यावर अन्याय झाला. हे रोज. शेवटी एका सकाळी ताईंनी रेडिओ बंद करून विचारलं, "पाटणकर, आत्ता सावंतांच्या पक्षाबद्दल काय सांगितलं हो?"

पाटणकरांना आठवेना. ताईंनी तोच प्रश्न सावंतांना उलटा विचारला. सावंत काचेबाहेर बघायला लागले.

"आंदोलनाची बातमी होती, सावंत. दुसरीच होती. तुम्ही तेव्हा पाटणकरांच्या नेत्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतात, म्हणून ऐकू आली नाही." मग गिअर टाकत त्या म्हणाल्या, "माणसाला आपलं दुखलेलं तेवढंच ऐकू येतं. म्हणून रेडिओवाल्यांनी तुम्हाला विचारून बातम्या करायच्या नसतात."

तरी रेडिओचं सगळं बरोबर असतं, असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत. उलट त्यांच्याइतकं त्या केंद्राला बोललेलं मी कुणाला ऐकलं नाही. त्यांचा राग वेगळ्या गोष्टीवर असायचा. बातमी सुरू असताना त्या पुटपुटायच्या, "एकच फोन. ह्यानं एकच फोन केलाय." मला सुरुवातीला कळायचं नाही. मग एकदा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वेळी त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. ज्याच्याकडे ऑफिस आहे, त्याची बातमी आपोआप येते. पत्रक येतं, माणूस येतो, पेढेसुद्धा येतात. त्याला एक फोन करायचा. मग ज्याच्याकडे ऑफिस नाही, त्याला शोधून दुसरा फोन करायचा. दुसरा लागेपर्यंत बातमी द्यायची नाही. "संतुलन, संतुलन म्हणतात ना, ते एवढंच असतं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं वाण्याचं काम. इकडे दोन ओळी, तिकडे दोन ओळी."

ह्याच नियमानं त्या गोत्यातही आल्या होत्या. कुठल्याशा डोंगरावरच्या गावात मंत्र्यांनी नळयोजनेचं उद्घाटन केलं. फुलं, फीत, भाषण, सगळं पत्रकात आलं. ताईंनी मंत्र्यांच्या कचेरीत फोन केला आणि दुसरा त्या गावच्या टपाल कार्यालयात. तिथल्या पोस्टमननं सांगितलं, नळ आहेत, मंत्री होते तोवर पाणीही होतं, ते टँकरचं होतं. ताईंनी मंत्र्यांचं भाषण दिलं आणि त्याखाली पोस्टमनचं वाक्य. दुसऱ्या आठवड्यात त्यांना बाजारभाव वाचायला बसवलं. "नारळ आणि सुपारी," त्या हसून म्हणायच्या. "तेही मी दोन बाजारपेठांना विचारून वाचायचे. दलालांनी तक्रार केली."

इथल्या मराठी मंडळालाही त्यांनी सोडलं नाही. गणपतीत वार्षिक अहवाल वाचायला आवाज छान म्हणून त्यांना बोलावलं. समितीत त्या वर्षी दोन गट पडले होते आणि नाटक रद्द झालं होतं. कार्यवाहांनी लिहून दिलेल्या अहवालात "अपरिहार्य कारणास्तव" असं होतं. ताईंनी दोन्ही गटांना फोन केले आणि व्यासपीठावर वाचलं की नायकाची भूमिका कुणी करायची यावरून वाद झाला, एका गटाचं म्हणणं असं, दुसऱ्याचं असं, आणि ज्या नायिकेनं दोन महिने पाठांतर केलं तिला कुणी काही कळवलं नाही. नायिका तिसऱ्या रांगेत होती, ती रडायला लागली. त्यानंतर मंडळानं त्यांच्या हाती माइक दिला नाही. दोन्ही गटांचं ताईंबद्दल मात्र एकमत झालं: बाई पक्षपाती आहेत.

ह्या गमती मी सांगते आहे खरी. पण पुढचं सांगायचं म्हणून सांगते आहे.

सावंतांचा धाकटा भाऊ संतोष इब्रीकडे एका कंत्राटदार कंपनीत पिकअप चालवायचा. हसरा मुलगा. सुट्टीला मस्कतला आला की भावाच्या खोलीत सोलकढी करायचा आणि डबा भरून आम्हालाही पाठवायचा. मागच्या पावसात, दोन दिवस डोंगरात पाऊस झाला आणि वाद्या भरून आल्या, तेव्हा त्याची गाडी वादीत वाहून गेली. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. वर्षभर तिच्यात दगड आणि बकऱ्या असतात, आणि डोंगरात पाऊस पडला की आपल्याकडे ऊन असतानाही ती येते. संतोष गेला. त्याच्या शेजारी बसलेला बिहारचा अख्तर नावाचा मुलगा झाडाला अडकून वाचला, पाय मोडला.

सावंत बातमी कळताच इब्रीला गेले आणि तिथून शव घेऊन गावी. आम्ही तिघं गाडीत. सातच्या बातम्या लागल्या आणि तिसरी बातमी ती होती. ओमानमध्ये पुराच्या पाण्यात वाहून सिंधुदुर्गातील चालकाचा मृत्यू. पाण्याचा इशारा असतानाही चालकाने स्वतःच्या निर्णयाने गाडी वादीत घातल्याचं कंपनीने सांगितलं आहे.

ताईंनी ब्रेक लावला. आम्ही हमरस्त्यावर होतो, मागून ट्रेलर भोंगा वाजवत गेला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि तिथूनच केंद्रावर फोन लावला. तिकडे आता दीपक म्हणून संपादक आहे, त्याला ताईंनीच शिकवलेलं. स्पीकर चालू होता, म्हणून आम्ही सगळं ऐकलं.

"दीपक, कंपनीनं सांगितलं. आणखी कुणी सांगितलं?"

"ताई, पत्रक आलं होतं. आम्ही 'कंपनीने सांगितलं' असं स्पष्ट म्हटलंय. आमच्या पदरचं काही नाही."

"घरच्यांना फोन केलास?"

"दुःखाच्या वेळी घरच्यांना कसा करणार, ताई? बरं दिसत नाही."

"मेल्यावर त्याला दोषी ठरवणं बरं दिसतं?" ताईंचा आवाज खाली गेला होता. "तुझ्या तराजूत एका पारड्यात कंपनी बसलीय. दुसऱ्यात मेलेला माणूस. तो कसा बोलणार?"

दीपक म्हणाला, दुसरी बाजू आली तर नक्की घेऊ. पाटणकर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तसं त्याचंही चूक नाही म्हणा." ताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते सीटचा पट्टा सारखा करायला लागले.

तेरावं करून सावंत परत आले तेव्हा निम्मे झाले होते. गाडीत बसल्यावर आपण होऊन बोलायला लागले. गावात सगळ्यांनी बातमी ऐकली. लोक सांत्वनाला यायचे आणि उठताना हळूच म्हणायचे, पोरानं जरा सबुरी धरायला हवी होती. ते सावंत सोसत होते. पण आई. त्यांनी आईला सांगितलं की कंपनी आपली कातडी वाचवायला काहीही सांगते. आई म्हणाली, "रेडिओ कित्याक खोटा बोलतलो?" तिच्या लेखी वर्तमानपत्र खोटं बोलू शकतं, मोबाइल तर बोलतोच, रेडिओ नाही. तिनं चुलीजवळ बसून आयुष्यभर तो ऐकला, त्यातले काही आवाज तिला घरच्यांसारखे. आपला मुलगा उतावळेपणानं मेला, हे तिला त्या आवाजानं सांगितलं, आणि तिनं ते मानलं. "ती रडत पण नाय, ताई," सावंत म्हणाले. "तेच्यावर रागावलीय."

 ताई म्हणाल्या, "शुक्रवारी इब्रीला जाऊ."

मीही गेले. अख्तर तिथल्या इस्पितळात पाय टांगून पडला होता. ताईंनी आधी त्याला घरचं विचारलं, केळी सोलून दिली आणि मग सगळं सांगायला लावलं. जनरेटर घेऊन साइटवर जायचं होतं. वादीशी आल्यावर संतोषनं गाडी थांबवली आणि मॅनेजरला फोन करून सांगितलं, पानी है. मॅनेजर म्हणाला, बाकी गाड्या आल्या, तूच कसा अडकलास. पुन्हा फोन आला. यल्ला, म्हणजे चल लवकर, अर्बाब इधर खड़ा है, जनरेटर अभी चाहिए. अर्बाब म्हणजे मालक. तिसऱ्यांदा मॅनेजर ओरडला, ते फोनबाहेर ऐकू येत होतं. मग संतोषनं काच खाली केली, पाण्याकडे बघितलं.

"फिर?" ताईंनी विचारलं.

अख्तर सावंतांकडे बघून थांबला. ताई म्हणाल्या, "बोलो बेटा. जो हुआ वो बोलो."

"फिर संतोषभाई बोला, जाएगी गाड़ी. और डाल दिया."

बाहेर येऊन ताईंनी इस्पितळाच्या आवारातूनच मॅनेजरला फोन केला. आपण कोण, कशासाठी विचारतोय, सगळं सांगितलं. तो आधी नीट बोलला. हो, मी बोलावलं होतं, पण वादी ओलांड असं म्हटलं नव्हतं. ताईंनी विचारलं, साइटवर यायला दुसरा रस्ता होता का? त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

येताना वाटेत एका टपरीवर करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, घ्यायला थांबलो, आणि तिथे गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ताईंनी बातमी लिहिली. वाचून दाखवली. चालकाने पाणी असल्याचं मॅनेजरला कळवलं होतं. मॅनेजरने पुन्हा पुन्हा फोन करून तातडीने येण्यास सांगितलं. त्यानंतर गाडी जाईल, असं म्हणून चालकाने ती पाण्यात घातली, असं बचावलेल्या सहकाऱ्याने सांगितलं. आपण बोलावलं, पण वादी ओलांडण्यास सांगितलं नव्हतं, असं मॅनेजरचं म्हणणं आहे. साइटवर जाण्यास दुसरा रस्ता होता का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

सावंत चहाचा पेला तसाच धरून होते. "ताई, ता काढा."

"काय?"

"जाईल गाडी. ता काढा. आवस ऐकतली." आवस म्हणजे आई.

"नाही काढणार."

"तो गेलो ताई. तेच्या तोंडचा शेवटचा वाक्य घेऊन तुमी काय करतल्यात?"

"सावंत, तो ते बोलला. अख्तरनं आपल्याला सांगितलं, उद्या दुसऱ्या कुणालाही सांगेल. ते वाक्य काढलं तर आपणही कंपनीचंच काम केलं, आपल्याला हवं ते ठेवलं. मग त्या फोनवर तरी कोण विश्वास ठेवील?"

"आमी काय कंपनी आसव?" सावंत म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.  खरं सांगते, त्या दिवशी मी सावंतांच्या बाजूची होते. एवढ्या माणसांनी एवढं खोटं पचवलं, एका भावानं एक वाक्य मागितलं तर काय बिघडलं, असं मला वाटत होतं. ताईंना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "बिघडलं असतं ते मलाच कळलं असतं. पण मला ते वाचता आलं नसतं."

रविवारी पाटणकरांना कळलं. त्यांनी कागद वाचलाही नाही. "मॅडम, आपण त्या कंपनीला माल देतो. आणि स्पष्ट बोलू का, तुम्ही पहिल्यापासून कामगारांच्या बाजूच्या. हे बायस्ड आहे." ताईंनी कागद पुढे केला. पाटणकर म्हणाले, वाचायची गरज नाही.

दीपकला मजकूर गेला, अख्तरचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तेही गेलं. त्याचा फोन आला. "ताई, कॉपी एकदम बॅलन्स्ड आहे. तुमच्याकडून अजून शिकावं. उद्या सकाळी घेतो." ताईंनी सावंतांना निरोप धाडला. ते मधले काही दिवस कंपनीच्या बसनं येत होते, पण त्या सकाळी आले. गावी आईलाही त्यांनी रेडिओजवळ बसायला सांगितलं होतं. वाक्य आवडलं नव्हतं, तरी बाकीचं तर येणार होतं.

सात वाजले. ती बातमी शेवटून दुसरी होती.

ओमानमधील वादी दुर्घटनेत मृत्युमुखी पडलेल्या चालकाने गाडी पाण्यातून जाईल असं म्हटलं होतं, अशी माहिती बचावलेल्या सहकाऱ्याने दिली आहे. वादी ओलांडण्याची कोणतीही सूचना दिली नव्हती, असं कंपनीच्या व्यवस्थापकांनी स्पष्ट केलं आहे. आता हवामान.

बस. फोन नाहीत, अर्बाब नाही, दुसरा रस्ता नाही. ताईंनी प्रामाणिकपणे ठेवलेलं तेवढंच वाक्य उचललं आणि त्यावर शिक्का मारला. पहिल्यांदा कंपनीनं संतोषला दोषी ठरवलं होतं. आता त्याच्या सोबत्याच्या तोंडून तेच वदवून घेतलं, आणि ते आमच्याच हातून.

"गाडी थांबवा," सावंत म्हणाले. ताईंनी थांबवली. ते उतरले आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. ताईंनी हाक मारली नाही. फोन लावला.

"वेळ कमी होता ताई," दीपक म्हणाला. "दोन ओळीच बसत होत्या. पण दोन्ही बाजू घेतल्या ना. सहकाऱ्याची पण आणि कंपनीची पण."

"दीपक, मी तुला दोन फोन शिकवले. तू दोन्ही फोन एकाच घरात लावलेस."

"तसं नाही ताई..."

"दुरुस्ती दे."

"आता पुन्हा तोच विषय घेतला तर आपण एका बाजूला झुकतोय असं वाटेल लोकांना."

मला तो मुलगा डोळ्यांसमोर दिसत होता. वाईट नसणार. लबाडही नसणार. वातानुकूलित खोलीत बसून त्यानं दोन ओळी मोजल्या, एक इकडची, एक तिकडची, वजन सारखं भरलं आणि समाधानानं चहा घेतला. असल्या माणसांचाच मला जास्त संताप येतो. लबाडाला निदान माहीत असतं आपण काय केलं. ह्यांना वाटतं आपण न्याय केला. एक म्हातारी चुलीपाशी बसून पोराचा दुसऱ्यांदा तिरस्कार करते आणि ह्यांच्या काट्याला त्याचं वजनच लागत नाही. आणि आपल्यासारखे ऐकणारेही कमी नाहीत. बातमी आपल्या पक्षाची नाही, आपल्या जातीची नाही, मग ठीक आहे, समतोल आहे. आमच्या गाडीतच पाटणकर म्हणाले, "आता तरी दोन्ही बाजू आल्या, मॅडम." त्यांना खाली उतरवावं असं मला फार वाटलं. ताईंनी मात्र त्यांना कंपनीच्या दारापर्यंत सोडलं.

त्या महिन्यात आमच्या कंपनीनं ताईंचा करार वाढवला नाही. कारण वयाचं दिलं. त्यांच्याहून मोठे दोघं अजून आहेत. ताई भांडल्या नाहीत, हे मला अजूनही विचित्र वाटतं. शेवटच्या दिवशी हिशेब सगळा समजावून दिला आणि मला म्हणाल्या, "मीनल, तू गाडी शिक. दुसऱ्याच्या गाडीत दुसऱ्याच्या बातम्या ऐकाव्या लागतात." यजमान सामान आवरायला मागे राहिले, त्या आधी गेल्या. त्यांना घाई का होती ते मला नंतर कळलं.

पंधरवड्यानं सावंतांनी मला गोदामात बोलावलं. मोबाइल काढला. त्यांच्या बायकोनं गावाहून पाठवलेलं चित्रण होतं. ताई त्यांच्या घरी गेल्या होत्या. सावंतांना न विचारता, पत्ता कुडाळच्या एसटी स्टँडवर विचारत.

घरापुढच्या खळ्यात पन्नासेक माणसं होती. सांत्वनाला येऊन सबुरीचं बोलून गेलेली तीच असणार. ताई ओटीसमोर उभ्या होत्या, हातात तोच टपरीवर लिहिलेला कागद, करकचा डाग पडलेला. माइक नव्हता. आई खांबाला टेकून बसली होती, नजर जमिनीकडे. ताईंनी नमस्कार केला नाही, कोण कुठली ते सांगितलं नाही. बातमी वाचली. खालच्या, स्वच्छ आवाजात, प्रत्येक शब्द वेगळा. पाणी असल्याचं त्यानं कळवलं, तेव्हा आईनं मान वर केली. ताईंच्या तोंडाकडे बघायला लागली. आवाज तिच्या ओळखीचा असावा, चुलीजवळचा. पुन्हा पुन्हा आलेले फोन. मग ते वाक्य आलं. ताईंनी ते हळू केलं नाही, गिळलंही नाही, बाकीच्या ओळींसारखंच वाचलं. गाडी जाईल. मग मॅनेजरचं म्हणणं, तेही पूर्ण. मग न दिलेलं उत्तर.

 आई म्हणाली, "व्हय. तो तसोच बोलायचो." मग म्हणाली, "कोणी बोलावल्यान तर तेका नाय म्हणूक जमायचांच नाय." आणि तोंडाला पदर लावला. सावंत माझ्या शेजारी उभे राहून हे कितव्यांदा तरी बघत होते, आणि रडत होते, आणि त्यांना ते लपवायचं नव्हतं.

पडद्यावर ताईंनी कागदाची घडी केली. मग त्यांचं लक्ष चित्रण करणाऱ्या सुनेकडे गेलं, आणि त्या चिडल्या. आमच्या गाडीत चिडायच्या तशाच. दोन पावलं पुढे आल्या, चेहरा पडदाभर झाला, डोळे लाल.

"ता बंद कर आधी," त्या म्हणाल्या. "आवशीक पाणी दी."

तिथे ते संपतं.